योजनेचे नाव आणि दिलेला शब्द

एका सकाळी एका ग्राहकबाईंचा तीन ओळींचा निरोप आला. आमचे वेब अ‍ॅप्लिकेशन त्या तीन वर्षांपासून वापरत होत्या. दर महिन्याच्या अखेरीस त्यातून एक अहवाल फाइलच्या रूपात उतरवून घेत आणि सहकाऱ्यांकडे पाठवत. त्या दिवशी मात्र ‘अहवाल उतरवा’ या बटणाशेजारी कुलपाचे चिन्ह दिसत होते आणि त्यावर क्लिक केले की वरच्या प्लॅनची किंमत सांगणारी चौकट उघडत होती. निरोपात राग नव्हता. ‘ही सोय माझ्याकडे होती. माझ्याकडून काही चुकले आहे का?’ एवढेच त्यांनी विचारले होते.

त्यांच्याकडून काहीही चुकले नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही प्लॅनची फेररचना केली होती. आधी ‘मूलभूत’, ‘मानक’ आणि ‘प्रगत’ असे तीन प्लॅन होते. आता ‘मानक’ आणि ‘प्रगत’ यांच्यामध्ये ‘व्यावसायिक’ हा चौथा प्लॅन आला आणि अहवाल उतरवण्याची सोय ‘मानक’मधून उचलून त्या नव्या प्लॅनमध्ये ठेवली गेली. हा बदल फक्त नव्या ग्राहकांसाठी होता. जुन्या ग्राहकांकडे जे जे आहे ते तसेच राहील, असे बैठकीत एकमताने ठरले होते आणि तसे पत्रही सर्वांना ईमेलने गेले होते. पण कोडमध्ये प्लॅनचे नाव तपासणाऱ्या चाळीसहून अधिक अटी वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या होत्या. त्या प्रत्येक अटीला ‘किंवा खाते अमुक तारखेआधीचे असेल तर’ अशी पुरवणी जोडण्याचे काम माझ्याकडे होते, आणि एका ठिकाणी ती जोडायची माझ्याकडून राहून गेली.

राहिलेली पुरवणी जोडायला दहा मिनिटे पुरली. पण त्या बाईंचा प्रश्न त्यानंतरही मनातून जाईना, कारण त्याचे खरे उत्तर एका विसरलेल्या अटीत नव्हते. आम्ही त्यांना एक शब्द दिला होता आणि तो शब्द आमच्या संपूर्ण प्रणालीत कोठेही लिहिलेला नव्हता. तो बैठकीच्या टिपणात होता, ईमेलमध्ये होता आणि आमच्या आठवणीत होता. प्रणाली मात्र दर वेळी प्लॅनच्या नावावरून त्याचा अंदाज बांधत होती.

सबस्क्रिप्शनवर चालणारे सॉफ्टवेअर पहिल्यांदा लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच रस्ता धरतो, आणि तो का धरतो हे समजण्यासारखे आहे. सुरुवातीला दोनच प्लॅन असतात, एक मोफत आणि एक पैशांचा. तेव्हा ‘प्लॅन पैशांचा असेल तर हे दाखव’ ही अट इतकी सरळ वाटते की तिच्यात काही गृहीत धरलेले आहे हे लक्षातही येत नाही. गृहीत असे असते की ग्राहक किती पैसे देतो, आपण सोयींचा कोणता संच विकायला मांडला आहे आणि त्या ग्राहकाला आज नेमके काय करता येते, या तिन्ही गोष्टी एकच आहेत. प्रत्यक्षात त्यांचे आयुष्य वेगवेगळे असते. किंमत खर्चानुसार आणि स्पर्धेनुसार बदलते. संच विक्रीच्या सोयीने बदलतो. त्याची नावे, क्रम आणि मांडणी दर वर्षी नवी होऊ शकते. ग्राहकाचा हक्क मात्र त्याच्याशी झालेला करार बदलेल तेव्हाच बदलायला हवा. हे तीन धागे एकाच नावाच्या गाठीत बांधले की एक ओढताना उरलेले दोनही ओढले जातात. त्या सकाळी आम्ही संचाचा धागा ओढला आणि तुटला तो हक्काचा.

त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही जे बदल केले त्यांत सर्वांत महत्त्वाचा बदल दिसायला अगदी साधा आहे. डेटाबेसमध्ये हक्कांचे एक स्वतंत्र टेबल तयार केले. त्यातील प्रत्येक ओळ सांगते की कोणत्या खात्याला कोणते फीचर मिळाले आहे, त्याची मर्यादा काय, तो हक्क कोठून आला, कधीपासून आहे आणि कधीपर्यंत आहे. उरलेल्या कोडला प्लॅनचे नाव माहीतच असता कामा नये, असा नियम केला. कोडने एवढेच विचारायचे: या खात्याला अहवाल उतरवता येतो का? हा प्रश्न विचारण्याची जागाही एकच ठेवली. या व्यवसायातील लोक अशा हक्काला एनटायटलमेंट म्हणतात. मला ‘हक्क’ हाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण ‘फीचर दाखवणे’ या बोलीत उपकाराची छटा येते आणि ज्याचे पैसे घेतले आहेत त्याबाबत ती छटा असू नये.

या टेबलातील ‘कोठून आला’ हा रकाना सुरुवातीला मला केवळ नोंदीपुरता वाटला होता. पुढे तोच सर्वाधिक उपयोगी ठरला. हक्क प्लॅनमधून येतो तसाच तो ट्रायलमधूनही येतो, स्वतंत्रपणे विकत घेतलेल्या पुरवणीतून येतो, विक्री करताना कोणी दिलेल्या खास आश्वासनातून येतो, किंवा एखाद्या बिघाडाची भरपाई म्हणून सहायता विभागाने दिलेला असतो. हे सगळे स्रोत एकाच ‘हो’मध्ये विरघळवले तर ट्रायल संपताना विकत घेतलेली पुरवणीही पुसली जाते आणि का पुसली गेली हे कोणालाच सांगता येत नाही. स्रोत वेगळे ठेवले की प्रत्येक हक्क आपापल्या मुदतीने संपतो आणि उरलेले टिकून राहतात. मग एकाच फीचरबाबत दोन स्रोत दोन वेगळ्या मर्यादा सांगू लागले तर काय करायचे, हा प्रश्न येतो. प्लॅन दहा प्रकल्पांची मुभा देतो आणि भरपाई म्हणून पंधरांची मुभा दिली आहे, तर मोठा आकडा धरायचा. पण प्लॅनच्या दहा प्रकल्पांवर पाच प्रकल्पांची पुरवणी विकत घेतली असेल तर बेरीज करायची. हा नियम सरसकट करता येत नाही, प्रत्येक ओळीचा स्वभाव ठरवून लिहावा लागतो, आणि तो संगणकतज्ज्ञाने एकट्याने ठरवू नये, कारण तो खरे तर विक्रीच्या करारातील मजकूर आहे.

येथेच फीचर फ्लॅगविषयी एक सावधगिरी नोंदवतो. नवीन सोय टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणण्यासाठी, ती बिघडली तर झटकन बंद करण्यासाठी आपण जी कळ ठेवतो तिला फ्लॅग म्हणतात. ती कळ आपल्या सोयीसाठी असते आणि काम झाले की काढून टाकायची असते. हक्क ग्राहकाचा असतो आणि तो आपल्या मर्जीने काढायचा नसतो. दोन्ही गोष्टी वरून ‘चालू किंवा बंद’ अशाच दिसतात म्हणून अनेक ठिकाणी एकाच यंत्रणेतून चालवल्या जातात, आणि मग एखाद्या दिवशी जुने फ्लॅग साफ करणारा प्रामाणिक सहकारी नकळत कोणाचा तरी विकत घेतलेला हक्क साफ करतो.

हक्क वेगळे काढल्यावर प्लॅनकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. प्रसिद्ध झालेल्या प्लॅनमध्ये आम्ही आता कधीही दुरुस्ती करत नाही. त्याची नवी आवृत्ती काढतो. जुने ग्राहक जुन्या आवृत्तीशी जोडलेले राहतात आणि त्यांना नवीकडे न्यायचे असेल तर तो एक जाणीवपूर्वक, तारखेसह नोंदवलेला निर्णय असतो. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइपच्या प्रणालीत हीच शिस्त मुळातच घालून दिलेली आहे. तेथे एकदा तयार केलेल्या किमतीची रक्कम बदलता येत नाही. नवी किंमत तयार करायची आणि जुनी नव्या विक्रीसाठी निवृत्त करायची. पहिल्यांदा काम करताना हा हटवादीपणा वाटतो. पण जी रक्कम दाखवून कोणाची संमती घेतली ती रक्कम मागाहून पाठीमागच्या पाठीमागे बदलता येऊ नये, यात मला आता मोठे शहाणपण दिसते.

जुन्या ग्राहकांना जुन्याच अटींवर ठेवण्याला इंग्रजीत ‘ग्रँडफादरिंग’ म्हणतात आणि आमच्या बोलण्यातही तोच शब्द रुळला होता. त्याचा उगम कळल्यापासून मी तो वापरत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही राज्यांनी १८९० च्या दशकापासून मतदानासाठी साक्षरतेसारख्या कठोर अटी घातल्या आणि ज्यांचे आजोबा पूर्वी मतदार होते त्यांना त्या अटींतून सूट दिली. कृष्णवर्णीयांचे आजोबा गुलामगिरीत असल्याने ती सूट त्यांना मिळणे शक्यच नव्हते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ही आजोबांची अट रद्दबातल ठरवली. आम्ही आता ‘मूळ करार’ एवढेच म्हणतो. शब्द बदलल्याने एक गोष्ट आपोआप घडली. पूर्वी जुन्या अटींवरील ग्राहक ही बैठकांमध्ये एक अडचण म्हणून बोलली जाणारी गोष्ट होती. ‘मूळ करार’ म्हटल्यावर तो मोडण्याची सूचना करणाऱ्याला कारण द्यावे लागू लागले.

मूळ करार कायम ठेवणे नेहमीच शक्य असते असे मी म्हणणार नाही. सर्व्हरचा खर्च वाढतो, एखादी सोय बाहेरच्या सेवेवर अवलंबून असते आणि ती सेवा आपले दर वाढवते. दरवाढ करणे हा अपराध नाही. किती आधी सांगितले, कोणत्या भाषेत सांगितले आणि नाकारण्याची वाट खुली ठेवली की नाही, यावर तिचा न्याय ठरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये व्हिडिओ गेम बनवण्याचे साधन पुरवणाऱ्या युनिटी या कंपनीने जाहीर केले की ठरावीक उत्पन्नाची आणि वापराची मर्यादा ओलांडणाऱ्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनमागे शुल्क आकारले जाईल, आणि ते आधीच बाजारात आलेल्या गेमनाही लागू होणार होते. अनेक वर्षे एका अटीवर काम केलेल्या लोकांना आपल्या पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटले. विरोध इतका झाला की काही दिवसांतच कंपनीला माफी मागून योजना सौम्य करावी लागली आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते शुल्क पूर्णपणे मागे घेतले गेले. आकारणीचा आकडा हा त्या रागाचा एक भाग होता. झालेल्या कामावर नवी अट मागून लादली जात आहे ही भावना त्याहून मोठी होती.

सबस्क्रिप्शनमध्ये ही भीती मुळातच दडलेली असते. मे २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने आपली चित्र आणि छपाईची सॉफ्टवेअरे यापुढे केवळ सबस्क्रिप्शननेच मिळतील असे जाहीर केले, तेव्हा अनेकांना तो बदल पैशांचा वाटला. मला तो ताब्याचा बदल वाटतो. त्याआधीची, एकदाच पैसे मोजून घेतलेली आवृत्ती पुढेही वापरता येत होती; कोणाला विचारायची गरज नव्हती. सबस्क्रिप्शनमध्ये ग्राहकाची परवानगी दर महिन्याला नव्याने सिद्ध व्हावी लागते, आणि ती सिद्ध करणारी यंत्रणा आपण लिहिलेली असते. तिच्यात चूक झाली तर माणसाचे काम थांबते. म्हणून कुलपाचे चिन्ह दाखवणाऱ्या चार ओळी मला आता अ‍ॅप्लिकेशनमधील सर्वांत जोखमीच्या ओळी वाटतात.

कुलपाचे चिन्ह केवळ पडद्यावर दाखवून भागत नाही, हेही सांगायला हवे. ब्राउझरमध्ये बटण लपवणे ही सूचना आहे, बंदोबस्त नाही. खरी तपासणी प्रत्येक विनंतीच्या वेळी सर्व्हरवरच व्हावी लागते. गणतीच्या मर्यादांमध्ये आणखी एक खाच आहे. दहा प्रकल्पांची मर्यादा असलेल्या खात्यात नऊ प्रकल्प आहेत आणि दोन सहकारी एकाच क्षणी नवा प्रकल्प तयार करू पाहतात. सर्व्हर दोघांसाठी मोजणी करतो, दोन्ही वेळा नऊ येतात, दोघांनाही परवानगी मिळते आणि प्रकल्प अकरा होतात. मोजणे आणि नोंदवणे या दोन्ही क्रिया डेटाबेसच्या एकाच अखंड व्यवहारात, त्या खात्याच्या ओळीवर लॉक घेऊन, म्हणजे तोवर दुसऱ्याला थांबवून, केल्या तर हे टळते. पैसे न भरल्याने विनंती नाकारली आहे हे सांगण्यासाठी वेबच्या मूळ नियमांतच एक क्रमांक राखून ठेवलेला आहे. १९९७ च्या एचटीटीपी नियमावलीत ४०२ हा क्रमांक ‘पैसे भरणे आवश्यक’ या अर्थाने नोंदवला गेला आणि पुढील उपयोगासाठी राखीव ठेवला गेला. आम्ही बहुतेक वेळा परवानगी नसल्याचा ४०३ हा क्रमांकच पाठवतो, पण सोबत नाकारण्याचे कारण, लागू असलेली मर्यादा आणि सध्याचा वापर स्पष्ट लिहितो. नुसता नकार माणसाला अंधारात ठेवतो.

आता पैशांच्या बाजूकडे येतो, कारण हक्काचा मोठा भाग शेवटी तेथून येणाऱ्या बातमीवर अवलंबून असतो. पैसे मिळाले, कार्ड नाकारले गेले, सबस्क्रिप्शन रद्द झाले, अशा बातम्या पैसे स्वीकारणारी सेवा आपल्या सर्व्हरला वेबहुकद्वारे, म्हणजे आपोआप पाठवलेल्या संदेशाने, कळवते. या बातम्या ठरलेल्या क्रमानेच येतील याची हमी नसते आणि एकच बातमी दोनदाही येऊ शकते. आपला सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर स्ट्राइपसारखी सेवा तीन दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, म्हणजे परवाची बातमी आज येऊन पोहोचू शकते. आमच्याकडे एका ग्राहकाने सबस्क्रिप्शन रद्द केले, तासाभराने विचार बदलून पुन्हा सुरू केले, आणि ‘सुरू झाले’ ही बातमी आधी व ‘रद्द झाले’ ही नंतर पोहोचली. पैसे भरलेल्या माणसाचे खाते आम्ही रात्रभर बंद ठेवले. तेव्हापासून बातमीतील मजकुरावर आम्ही विश्वास ठेवत नाही. बातमी आली की ती फक्त ‘काहीतरी बदलले आहे’ अशी हाक समजतो आणि सध्याची खरी स्थिती मूळ सेवेकडून विचारून घेतो. प्रत्येक बातमीचा ओळखक्रमांक साठवतो, म्हणजे तीच दुसऱ्यांदा आली तर तिचा परिणाम दुसऱ्यांदा होत नाही. शिवाय दररोज रात्री आपल्या नोंदी आणि त्यांच्या नोंदी ताडून पाहतो.

कार्ड नाकारले जाणे म्हणजे ग्राहकाने पैसे बुडवणे, असे मानणारे कोड मी पाहिले आहे आणि एके काळी लिहिलेही आहे. कार्डांची मुदत संपते, हरवलेल्या कार्डाच्या जागी नवा क्रमांक येतो, बँक संशय म्हणून व्यवहार अडवते. युरोपमध्ये सप्टेंबर २०१९ पासून ग्राहकाची दुहेरी ओळख पटवण्याचे नियम लागू झाल्यानंतर काही व्यवहार ग्राहकाने स्वतः येऊन दुजोरा दिल्याशिवाय पूर्णच होत नाहीत. या सर्व प्रसंगी माणसाची इच्छा पैसे देण्याचीच असते. म्हणून सबस्क्रिप्शनच्या स्थितीला ‘सुरू’ आणि ‘बंद’ अशी दोनच नावे पुरत नाहीत; ट्रायल सुरू आहे, थकीत आहे पण सवलतीच्या मुदतीत आहे, मुदतअखेर रद्द होणार आहे, पूर्ण थांबले आहे, या प्रत्येक स्थितीत काय चालेल याचा वेगळा विचार करावा लागतो. आम्ही थकीत खात्याला चौदा दिवस सर्व हक्क देतो आणि त्या काळात सौम्य शब्दांत तीनदा कळवतो. ज्याने महिनाअखेरपर्यंतचे पैसे भरून रद्द केले आहे त्याला महिनाअखेरपर्यंत सर्व काही मिळते. हे लिहावे लागावे याचेच मला आश्चर्य वाटते, पण ‘रद्द’ हा शब्द दिसताच दार बंद करणारे कोड आजही सर्रास लिहिले जाते.

हक्क तपासणारी यंत्रणाच काही काळ उत्तर देऊ शकली नाही तर काय करावे, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी असे ठरले की शेवटचे ज्ञात उत्तर काही तास खरे मानायचे. आमच्या बिघाडामुळे एखाद्याला थोडा काळ जास्तीचे मिळाले तर नुकसान आमचे. एखाद्याचे काम अडले तर नुकसान त्याचे. ज्याच्या चुकीने बिघाड झाला त्यानेच नुकसान सोसावे.

महिना या शब्दाने मला जितके दमवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दमवले असेल. ३१ जानेवारीला सुरू झालेल्या सबस्क्रिप्शनचे पुढचे बिल २८ किंवा २९ फेब्रुवारीला निघते, आणि त्यानंतरचे पुन्हा ३१ मार्चला निघायला हवे. प्रत्येक वेळी आधीच्या तारखेत एक महिना मिळवत गेलो तर ते कायमचे २८ तारखेला अडकते आणि ग्राहकाचे तीन दिवस कोठे गेले याचा हिशेब राहत नाही. म्हणून मूळ तारीख वेगळी साठवायची आणि दर वेळी तिच्यापासूनच मोजायचे. मधल्याच दिवशी प्लॅन बदलला की उरलेल्या दिवसांचा हिशेब येतो. तीस दिवसांचा महिना, सहाशेचा प्लॅन, दहा दिवस झाल्यावर बाराशेचा घेतला: जुन्याचे वीस दिवसांचे चारशे परत, नव्याचे वीस दिवसांचे आठशे देणे, म्हणजे आज चारशे. सोपा वाटणारा हा हिशेब इनव्हॉइसवर दोन स्वतंत्र ओळींत दाखवला नाही तर ग्राहकाला चारशेचा उगम कळत नाही आणि तो फसवणुकीच्या शंकेने फोन करतो. रकमा दशांश अपूर्णांकांत कधीच साठवू नयेत. संगणकाच्या नेहमीच्या अंकगणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त येते. चलनाच्या सर्वांत लहान एककातील पूर्णांक साठवावा, आणि ते एकक प्रत्येक चलनाचे वेगळे असते हेही ध्यानात ठेवावे: जपानी येनला व्यवहारात उपविभाग नाही, तर एका कुवेती दिनारचे हजार फिल्स होतात. सर्वत्र शंभराने गुणणारे कोड या दोन्ही ठिकाणी चुकते.

वरच्या प्लॅनमध्ये जाणे सोपे असते. सगळे लक्ष त्या वाटेवर दिलेले असते. खरी परीक्षा खाली उतरण्याच्या वाटेवर होते. पन्नास प्रकल्प असलेला माणूस दहा प्रकल्पांच्या प्लॅनमध्ये आला, तर उरलेल्या चाळीसांचे काय? सर्वांत आळशी उत्तर म्हणजे त्याला खाली येऊच न देणे, ‘आधी चाळीस प्रकल्प पुसा’ असे सांगणे. त्याहून वाईट उत्तर म्हणजे आपणच निवडून पुसणे. आम्ही बऱ्याच चर्चेनंतर असे केले की पन्नासही प्रकल्प वाचता येतात, उतरवून घेता येतात, मात्र बदल फक्त दहांमध्ये करता येतात आणि ते दहा कोणते हे ग्राहक स्वतः निवडतो. नवा प्रकल्प मात्र संख्या दहाखाली येईपर्यंत तयार होत नाही. यामागे एक ठाम भूमिका आहे: साधन भाड्याने दिलेले असते, पण त्यात केलेले काम ग्राहकाचे असते. म्हणून सगळा डेटा उतरवून घेण्याची सोय आम्ही कोणत्याही प्लॅनला बांधलेली नाही. ती मोफत खात्याला आहे, थकीत खात्याला आहे आणि रद्द झालेल्या खात्यालाही नव्वद दिवस आहे.

बाहेर पडण्याची वाट किती रुंद असावी हे आता काही ठिकाणी कायदाही सांगू लागला आहे. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर सबस्क्रिप्शन घेता येत असेल तर तेथेच स्पष्ट दिसणारे रद्द करण्याचे बटण देणे बंधनकारक आहे. आम्ही ते सगळ्याच देशांतील ग्राहकांसाठी केले. घेताना तीन क्लिक लागत असतील तर सोडताना चौथा लागू नये.

कोणत्या सोयी पैशांच्या कुलपाआड ठेवू नयेत, याविषयी माझे मत अलीकडे अधिक कडक झाले आहे. मोठ्या संस्थांना लागणारे एकत्रित लॉगिन, म्हणजे संस्थेच्या एकाच ओळखीने सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरण्याची सोय, फक्त सर्वांत महाग प्लॅनमध्ये ठेवण्याची प्रथा या व्यवसायात सर्वत्र आहे, आणि ती का पडली हेही मला ठाऊक आहे: ज्यांना ते हवे असते त्यांची पैसे देण्याची क्षमता जास्त असते. पण तेच तर्कशास्त्र पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा मागणाऱ्या दुहेरी लॉगिनला किंवा खात्यात कोण कधी शिरले याच्या नोंदीला लावले की आपण लहान ग्राहकाला जाणूनबुजून असुरक्षित ठेवतो. या दोन सोयी मी आता कोणत्याही किंमत-चर्चेत आणू देत नाही. त्याने वाद होतात. ते मी करतो.

हक्कांचे टेबल आल्यानंतर सहायता विभागासाठी आम्ही एक पान तयार केले. ग्राहकाचे खाते उघडले की त्याच्याकडील प्रत्येक हक्क, त्याचा स्रोत, तो कोणी कधी दिला आणि कधी संपतो, हे एकाखाली एक दिसते. पूर्वी ‘मला हे का दिसत नाही’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी प्रोग्रामरला कोड वाचावे लागे. आता फोन घेणारी व्यक्तीच ते वाचून सांगते.

काही काळाने त्याच ग्राहकबाईंचा पुन्हा निरोप आला. प्लॅनची नावे आणखी एकदा बदलली होती, त्यांनी ते जाहीर झालेले वाचले होते आणि या वेळी कुलूप दिसण्याआधीच त्यांनी विचारले होते की अहवालाचे बटण राहील ना. मी ते पान उघडले. त्यांच्या खात्यापुढे अहवाल उतरवण्याच्या हक्काची ओळ होती: स्रोत: मूळ करार; दिल्याची तारीख: त्यांनी पहिल्यांदा पैसे भरले तो दिवस; मुदत: नाही. त्या ओळीचा मजकूर तसाच्या तसा मी त्यांना उत्तरात पाठवला.